सहाव्या संख्येचा धडा

थोरांनी सांगितले म्हणजे ते खरेच असणार, ही समजूत व्यवहारात सोयीची असली तरी ज्ञानाच्या क्षेत्रात घातक ठरते. ४,२९,४९,६७,२९७ या दहा अंकी संख्येचा इतिहास याची साक्ष देतो.

तुलूझच्या न्यायालयातील काम सांभाळून फावल्या वेळात गणित करणारा पिएर द फर्मा हा सतराव्या शतकातील फ्रान्सचा अग्रगण्य गणिती. दोनचा घात घ्यावा, घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करीत जावा आणि प्रत्येक वेळी उत्तरात एक मिळवावा. म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. तेव्हा ही मालिका कितीही लांबविली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल, असे फर्माने १६४० मध्ये पत्रांतून प्रतिपादिले. सिद्धता हाती नसल्याचे त्याने मान्य केले होते. विधानाच्या सत्यतेविषयी मात्र त्याला संदेह नव्हता.

प्रस्तुत संख्या ही या मालिकेतील सहावी. १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्र लिहून या विधानाकडे तरुण ऑयलरचे लक्ष वेधले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की, या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. एका गुणाकाराने विधान कोसळले.

या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर तो ६४ च्या पटीहून एकने मोठा असला पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर सापडते. या युक्तिवादाचा पाया फर्माने त्याच १६४० मध्ये मांडलेल्या एका सिद्धांतावर उभा आहे. शस्त्र घरातच होते. ते आपल्याच विधानावर चालविण्याचे राहून गेले. युक्ती बाजूला ठेवली तरी ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. ओळीने ११६ भागाकार करणे कोणाही चिकाटीच्या कारकुनाच्या आवाक्यातले होते.

आज या सहाव्या संख्येपासून ओळीने २८ संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. तरीही ६५,५३७ च्या पुढे या मालिकेत मूळ संख्या नाहीच, असे म्हणण्यास गणितज्ञ धजत नाहीत. कारण तशी सिद्धता अद्याप कोणीही दिलेली नाही. पाच यशांनी जे सिद्ध झाले नाही, त्याचे उलट २८ अपयशांनीही सिद्ध होत नाही.

आपल्या वर्गांतून मात्र फळ्यावर चार-पाच उदाहरणे सुटली की नियम पक्का समजला जातो, आणि पुढच्या उदाहरणाविषयी शंका काढणारा विद्यार्थी आगाऊ ठरतो. वस्तुतः गणिताचे शिक्षण त्या शंकेपासूनच सुरू होते. फर्माची थोरवी या एका चुकीने उणावली नाही. त्याच्या थोरवीमुळे भागाकार करण्याचे कोणी टाळले असते, तर मात्र गणिताची हानी झाली असती.