विश्लेषण : ग्रह असलेले राक्षसी तारे कशाचे बनलेले असतात? त्यावरून वाद का झाला?

रोहिणी आणि स्वाती हे नारिंगी झाक असलेले तारे म्हणजे उतारवयात फुगलेले ‘राक्षसी तारे’. काही अब्ज वर्षांनी आपला सूर्यही असाच फुगणार आहे. अशा ताऱ्यांभोवतीही ग्रह असतात. २००२ मध्ये कालेय तारकासमूहातील एका राक्षसी ताऱ्याभोवती असा पहिला ग्रह सापडला. पुढे मात्र याच ताऱ्यांच्या रासायनिक घडणीने ग्रह कसे जन्मतात, या समजुतीवरच प्रश्नचिन्ह उभे केले.

ताऱ्यातील ‘धातू’ म्हणजे काय?

खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सर्व मूलद्रव्यांना ‘धातू’ म्हणतात. अगदी ऑक्सिजन आणि कार्बनलाही. ताऱ्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांवरून कोणते मूलद्रव्य किती आहे, हे कळते. मोजमापासाठी बहुधा लोह वापरतात, कारण त्याच्या रेषा भरपूर असतात.

मूळ नियम कोणता?

२००५ मध्ये डेब्रा फिशर आणि जेफ व्हॅलेंटी यांनी १,०४० ताऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यात बहुतेक सूर्यासारखे तारे होते. लोहाचे प्रमाण सूर्याच्या दुपटीहून अधिक असलेल्या ताऱ्यांपैकी सुमारे २५ टक्के ताऱ्यांभोवती गुरूसारखे वायूचे ग्रह आढळले. सूर्याहून कमी लोह असलेल्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांपेक्षाही कमी होते. कारण सरळ आहे : धातू जास्त म्हणजे धूळ आणि बर्फ जास्त. त्यातून ग्रहाचा घन गाभा लवकर तयार होतो आणि भोवतालचा वायू विरून जाण्याआधी तो खेचून घेतो.

राक्षसी तारे अपवाद का वाटले?

२००७ मध्ये लुका पास्किनी आणि सहकाऱ्यांना ग्रह असलेल्या राक्षसी ताऱ्यांत धातू जास्त दिसले नाहीत. त्यांनी वेगळी शक्यता मांडली : धातूंमुळे ग्रह बनत नसून ग्रहांचा मालमसाला ताऱ्यावर पडल्यामुळे त्याचा पृष्ठभाग धातूयुक्त दिसत असेल. सूर्यासारख्या ताऱ्याचा ढवळला जाणारा बाहेरचा थर पातळ असतो, त्यामुळे ही भेसळ टिकते. तारा फुगला की खोलवर ढवळाढवळ होते आणि भेसळ विरळ होते. म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदलच!

उत्तर कुठे सापडले?

ताऱ्यांच्या निवडीत. जास्त लाल राक्षसी तारे थरथरतात, म्हणून ग्रहशोधात त्यांना अनेकदा रंगावरूनच वगळले जाई. पण धातू जास्त असलेला तारा अधिक लाल दिसतो. म्हणजे ज्यांची गणती हवी होती, तेच तारे आधी बाजूला पडले होते. २०१५ मध्ये सबिने रेफर्ट यांच्या गटाने लिक वेधशाळेतून तपासलेल्या ३७३ राक्षसी ताऱ्यांचे निष्कर्ष मांडले. धातू जास्त, तर ग्रह जास्त, हा नियम तिथेही लागू पडला. २०२२ मध्ये तीन सर्वेक्षणांतील ४८२ ताऱ्यांच्या एकत्रित अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला.

याचे महत्त्व काय?

तारा ज्या ढगातून जन्मतो, त्यातच त्याच्या मोठ्या ग्रहांचे भवितव्य बरेचसे ठरते, हे चित्र आता अधिक भक्कम झाले आहे. सावधगिरी मात्र हवीच. कालेयमधल्याच गॅमा ड्रॅकोनिस या राक्षसी ताऱ्याभोवतीचा ‘ग्रहाचा’ संकेत काही वर्षे नियमित दिसला, मग नाहीसा झाला. ते ताऱ्याचेच स्पंदन असावे. त्यामुळे ‘नवा ग्रह सापडला’ अशी पोस्ट दिसली, तर आधी विचारा : तारा कोणता आणि तो कसा निवडला?