क्लॅनचा ऱ्हास: पराभव की उद्दिष्टपूर्ती?

१/ ‘कू क्लक्स क्लॅन काळाच्या ओघात आपोआप संपली’ हे विधान वारंवार वाचनात येते. ते चुकीचे तर आहेच, पण मला घातकही वाटते. ही संघटना तीनदा उभी राहिली. प्रत्येक ऱ्हासामागे काय घडले, ते पाहू. #थ्रेड

२/ यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्यानंतर लगेचच टेनेसीतील पुलास्की गावी, हरलेल्या बाजूच्या सहा माजी सैनिकांनी हे गुप्त मंडळ स्थापले. पाहता पाहता मुखवटे चढवून मारहाण, जाळपोळ, खून सुरू झाले. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी मतदान करू नये, हा मुख्य हेतू.

३/ १८७१ मध्ये काँग्रेसने विशेष कायदा केला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंटींत हेबियस कॉर्पस स्थगित केला. शेकडोंना अटक झाली. क्लॅन मोडली. पण १८७७ नंतर केंद्राने दक्षिणेतून अंग काढून घेतले आणि पुढे कृष्णवर्णीयांचा मताधिकार कायद्याच्याच आडून हिरावला गेला. मुखवटेवाल्यांचे काम विधिमंडळांनी पुरे केले.

४/ १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने जुन्या क्लॅनला नायकत्व बहाल केले. त्याच वर्षी विल्यम सिमन्सने जॉर्जियातील स्टोन माउंटनवर ती पुन्हा उभारली. शत्रूंच्या यादीत आता कॅथलिक, ज्यू आणि स्थलांतरितही आले.

५/ १९२० पासून जाहिरात-व्यवसायातील दोघांनी प्रसाराची सूत्रे घेतली. सभासदशुल्क १० डॉलर; त्यातले ४ भरती करणाऱ्याचे. द्वेष हा दलालीचा धंदा झाला. दुकानदार, धर्मोपदेशक, पोलीस असे लाखो ‘सभ्य’ लोक सभासद झाले. ऑगस्ट १९२५ मध्ये हजारोंनी वॉशिंग्टनमध्ये उघड्या चेहऱ्याने संचलन केले.

६/ त्याच वर्षी इंडियानातील बलाढ्य नेता डी. सी. स्टीफन्सन याला मॅज ओबरहोल्झर या तरुणीच्या हत्येबद्दल जन्मठेप झाली. तिची मृत्युपूर्व जबानी निर्णायक ठरली. स्त्रियांच्या शीलरक्षणाची भाषा उघडी पडली. सभासद झपाट्याने गळाले.

७/ मात्र १९२४ मध्येच स्थलांतरावर कठोर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. क्लॅनची एक मोठी मागणी देशाचे धोरण बनली होती! मग हा पराभव म्हणावा का?

८/ तिसरी क्लॅन नागरी हक्कांच्या लढ्याविरुद्ध उभी ठाकली. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील स्फोटात चार मुली मरण पावल्या. पहिली शिक्षा १९७७ मध्ये झाली. १९८१ मध्ये अलाबामातील मोबील शहरात मायकेल डोनाल्ड या तरुणाची हत्या झाली. त्याच्या आईने संघटनेवरच दिवाणी दावा लावला. १९८७ मध्ये ज्यूरीने ७० लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि संघटनेला मुख्यालयाची इमारत त्या माउलीच्या हवाली करावी लागली.

९/ म्हणून माझे मत असे: द्वेषाच्या संघटना काळ संपवत नाही. एक मरणोन्मुख तरुणी बोलते, एक आई न्यायालयाची पायरी चढते, शासन आपलाच कायदा गांभीर्याने राबवते, तेव्हा त्या मोडतात. आणि मोडल्यावरही एक प्रश्न विचारायचा राहतोच. मुखवटे उतरले खरे. पण ते आता अनावश्यक झाले म्हणून तर नव्हे?