पंचवीस क्लबांचा गोलरक्षक

मुलगा फुटबॉल फुटबॉल करू लागला की घरातून एकच प्रश्न येतो, खेळून पोट भरतं काय? मराठीत विचारा नाहीतर कन्नडात, प्रश्न तोच. उत्तरादाखल नावे निघतात ती पेले-मॅराडोनाची. पण या खेळावर संसार चालवणारे बहुतेक जण कोणाच्या भिंतीवरल्या चित्रात नसतात. एक हंगाम इथे, दोन तिथे, करार संपला की बॅग भरायची. अशांपैकी एकाची ही गोष्ट.

लुट्झ फानेनश्टील. जन्म १९७३, जर्मनीतल्या बव्हेरियातले त्स्वीझेल गाव. विशीच्या आत असताना त्याला बायर्न म्युनिकच्या राखीव संघाचे बोलावणे आले. आपल्याकडे असते तर पेढे वाटले असते! याने नकार दिला. मोठ्या नावाखाली बाकावर बसण्यापेक्षा खेळायला मिळावे, म्हणून १९९३ साली हा पठ्ठ्या थेट मलेशियात पेनांगला गेला. पुढे इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, फिनलंड, सिंगापूर, न्यूझीलंड, नॉर्वे, कॅनडा, आल्बेनिया... सगळी यादी देत बसत नाही. क्लब पंचवीसएक झाले.

गोलरक्षकाला नुसते चेंडू अडवून चालत नाही, पुढच्या चौघांना सतत ओरडून सांगावे लागते. ‘मागं ये’ म्हणावे की ‘हिंद बा’, हे आपल्या पोरांना कळते. याला दर हंगामाला ते नव्याने जमवायचे होते.

सगळे मौजेचे मात्र नव्हते. २००१ साली सिंगापुरात मॅच फिक्सिंगच्या आरोपाखाली त्याला शिक्षा झाली. आपण निर्दोष आहोत, असे तो कायम सांगत आला. पण १०१ दिवस तुरुंगात काढावेच लागले. भाड्याच्या खेळाडूमागे परक्या देशात उभे राहणार कोण? सुटल्यावर त्याने न्यूझीलंडचा रस्ता धरला. तिथला हंगाम आणि इंग्लंडचा हंगाम उलटसुलट येतो, म्हणजे वर्षभर काम!

२६ डिसेंबर २००२. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यू या लहानशा क्लबकडून खेळताना प्रतिस्पर्ध्याचा गुडघा छातीवर बसला आणि त्याचा श्वास मैदानातच थांबला. एकदा नव्हे, तीनदा. क्लबचे फिजिओ रे किलिक यांनी तोंडाने श्वास देऊन त्याला परत आणले. कोणीही हातमोजे खुंटीला टांगले असते. हा पुन्हा गोलात उभा राहिला.

‘फिफा’ने जगाचे सहा महासंघ केले आहेत. २००८ मध्ये ब्राझीलमधल्या एका क्लबकडून उतरल्यावर सहाही महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला तो पहिला खेळाडू ठरला. जर्मनीच्या राष्ट्रीय संघात मात्र कधीच नव्हता. हा विक्रम थोर की बायकोपोरांची फरफट? मला दोन्ही वाटते, आणि त्याच्या घरच्यांना कोणी विचारलेले माझ्या वाचनात नाही.

खेळ थांबल्यावर ही भटकंतीच कामी आली. हॉफेनहाइम क्लबने खेळाडू हेरायला नेमले, मग ड्युसेलडॉर्फ. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचा कोरा संघ उभा करायचे काम आले. २०२३ च्या पहिल्याच हंगामात तो संघ पश्चिम विभागात अव्वल आला. त्याचा गोलरक्षकही बाहेरगावचाच निवडलेला, स्वित्झर्लंडचा रोमन बुर्की.