तराजूत न येणारा धूर

पाटोद्याच्या पेठेत दुकान उघडते ते उदबत्तीच्या सुवासाने. गल्ल्यावरून उदबत्ती ओवाळली जाते आणि मग पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली जाते. बालाघाटाच्या कुशीतील या तालुक्याच्या गावात महानगरातील वाहनांची कोंडी नाही. त्यामुळे दूषित हवा हे मुंबई-दिल्लीचे दुखणे, असे येथे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, वीज गेल्यावर दुकानाच्या दाराशी धडधडणारे डिझेलचे जनित्र आणि दारे लोटून केलेला धूप यांतून निघणारे कण गाव-शहर असा भेद करीत नाहीत.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. शंभर नॅनोमीटरहून लहान कणांना अतिसूक्ष्म कण म्हणतात. व्यापाऱ्याला त्यांचे मर्म चटकन उमगेल. हळकुंड कुटले तरी वजन तेवढेच राहते. मात्र हळकुंडाने बोटही न रंगणारा हात पुडीने पिवळा होतो. एक सेंटिमीटरच्या घनाचे शंभर नॅनोमीटरचे घन केले, तर सहा चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग ६० चौरस मीटर होतो. कणांचा पेशींशी संबंध येतो तो या पृष्ठभागातूनच. हवेची सरकारी मानके मात्र वजनात मोजली जातात. भारतात २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली. अतिसूक्ष्म कणांचे वजन इतके नगण्य, की या तराजूत ते जवळजवळ येतच नाहीत.

मोठी धूळ नाकात अडते. त्याहून बारीक धूळ श्वासनलिकेतील चिकट द्रवात अडकून खोकल्यावाटे बाहेर पडते. अतिसूक्ष्म कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात. पण भार वाढला की त्याच पेशी दाह निर्माण करणारी रसायने सोडू लागतात. हा दाह वर्षानुवर्षे टिकला, तर श्वासनलिका अरुंद होतात आणि धाप लागू लागते.

वायुकोश आणि रक्त यांमधील पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. २०१७ मध्ये एडिंबरो येथील संशोधकांनी १४ निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले. काहींच्या रक्तात ते १५ मिनिटांतच आढळले, आणि तीन महिन्यांनंतरही त्यांचा मागमूस शरीरात होता. रक्तवाहिन्यांत साचलेल्या चरबीच्या थरांतही असे कण गोळा होतात, असे त्या संशोधनात दिसले. फुफ्फुसाचे दुखणे हृदयापर्यंत कसे जाते, याचा एक मार्ग येथे उलगडतो.

घरातील धुराचा हिशेबही झाला आहे. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सुटतात, असे २००३ च्या एका अभ्यासात आढळले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वाधिक सूक्ष्म कण निघाले ते मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिल्या जाणाऱ्या नागगोळीतून. आवाज नाही म्हणून अपाय नाही, हा समज तेथे खोटा ठरला.

उपाय साधे आहेत. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी. जनित्र दारापासून दूर ठेवून त्याच्या नळीचे तोंड रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याकडे नव्हे, तर मोकळ्या जागेकडे करावे. जुडग्याऐवजी एकच उदबत्ती, तीही खिडकी उघडी ठेवून लावावी. नाकावरचा रुमाल या कणांना अडवीत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, तर तो वयाच्या नावावर न टाकता डॉक्टरांना दाखवावा.

जैन घरात पाणी गाळल्यावाचून भरले जात नाही. न दिसणाऱ्याचीही काळजी घ्यायची, ही यतना त्या गाळण्याच्या फडक्यात आहे. हवा फडक्याने गाळता येत नाही. तिच्यासाठी धूर कमी करावा लागतो आणि खिडकी उघडावी लागते. गादीवर बसलेल्या आजोबांसाठी आणि त्यांच्या मांडीवरील नातवासाठी एवढे आज रात्रीपासूनच करता येईल.