हमालांची बीअर आणि आपली 'किक'

काळी बीअर समोर आली की आपल्याकडचा माणूस पहिलं विचारतो, "किती टक्के?" मीपण तेच विचारलं होतं.

मागच्या वर्षी पुण्यात एका जुन्या मित्राने स्टाउटचा ग्लास पुढे केला. रंग डांबरासारखा, वर तपकिरी फेस. म्हटलं, आज काय आपण धड घरी पोचत नाही! पण चव निघाली तव्यावर जरा जास्त भाजलेल्या भाकरीची, बिनसाखरेच्या कॉफीची. घाईत ती पिताच येत नाही. एक ग्लास तासभर पुरला, गप्पा मात्र पोटभर झाल्या.

नंतर वाचलं. तो काळा रंग भाजलेल्या जवाचा, नशेचा नव्हे. डब्लिनच्या प्रसिद्ध गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के. आपल्या शॉपीतली सोनेरी 'स्ट्राँग' ८ टक्क्यांपर्यंत जाते. अर्थात सगळ्या स्टाउट सौम्य नसतात, श्रीलंकेची लायन स्टाउट ८.८ टक्के आहे. रंगावर जाऊ नका, एवढंच.

आणि गंमत बघा. अठराव्या शतकात लंडनचे हमाल, म्हणजे पोर्टर, ही काळी बीअर प्यायचे, म्हणून तिचं नाव पोर्टर पडलं. त्यातली तगडी ती 'स्टाउट पोर्टर', पुढे नुसती स्टाउट. म्हणजे हे मुळात कष्टकऱ्यांचं पेय!

आपली भिवंडी तर लूम आणि गोदामांचीच. इथला हमाल दिवसभर गाड्या खाली करतो आणि रात्री अंधारात उभ्याउभ्या दहा मिनिटांत देशीची क्वार्टर नाहीतर स्ट्राँग रिचवतो. चव कसली, किक बसली पाहिजे. काळ्या पिशवीतून लपवून आणलेली दारू माणूस निवांत पीतच नाही. स्टाउट मिळते ती पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत. तिथल्या एका ग्लासात याची अर्धी हजेरी जाईल.

जून २०२५ मध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीवरचं प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये केलं. बीअर-वाइनला हात लावला नाही. चर्चा झाली ती तिजोरीची. लोक काय पितात, कसे पितात, हे कोण विचारणार? माझं म्हणणं साधं आहे. बाटलीत अल्कोहोल जितकं जास्त, तितका कर जास्त. सौम्य बीअर स्ट्राँगपेक्षा ठळकपणे स्वस्त असावी आणि कामतघरच्या शॉपीतही मिळावी.

जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये. लिव्हरला काळी-गोरी कळत नाही. पण जे पितातच, त्यांनी पुढच्या वेळी "चिल्ड आहे का?" विचारण्याआधी लेबलवरचे टक्के वाचा. आणि बसून, सावकाश प्या राव. घरी कुणीतरी वाट बघत असतं.