पाणी गाळतो, मग पडदा का नाही?



आपल्या घरात पाणी गाळून वापरतात. पालेभाजी निवडताना पानाची मागची बाजू बघतात. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात. मग ओटा आवरून झाला की टीव्ही लागतो, आणि त्यातून जे घरात येतं ते मात्र कोणी गाळत नाही. आज त्याबद्दल लिहिते आहे. जरा कडक वाटेल, पण वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. पडद्यावर बाईला जसं दाखवतात, त्याचा आणि घराघरात बाईवर उठणाऱ्या हाताचा संबंध आहे. "अगं, सिनेमा तो सिनेमा, एवढं काय मनावर घ्यायचं?" हे उत्तर मला पटत नाही.

आधी दाखवतात काय ते बघू. २०१९ मध्ये 'कबीर सिंग' आला. त्या वर्षी सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या हिंदी सिनेमांपैकी तो एक. त्यातला नायक सुरुवातीलाच एका बाईला चाकूचा धाक दाखवून कपडे काढायला सांगतो. पुढे प्रेयसीच्या थोबाडीत मारतो. कामवालीच्या हातून ग्लास फुटला म्हणून तिच्या मागे धावत सुटतो, आणि त्या प्रसंगाला प्रेक्षक हसतात. हा खलनायक नाही, नायक आहे. शेवटी नायिका त्यालाच मिळते.

२०२२ च्या जून महिन्यात एका बॉडी स्प्रेची जाहिरात आली. दुकानात एकटी मुलगी, तिच्या मागे चार तरुण. ते असं काही बोलतात की ते आपल्याबद्दलच आहे असं वाटून ती भीतीने दचकते. मग कळतं की बोलणं शेल्फवर उरलेल्या एका बाटलीबद्दल होतं. म्हणजे सामूहिक बलात्काराची भीती हा विनोद! लोक संतापले, माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती जाहिरात काढायला लावली. पण विचार करा, ती कोणी तरी लिहिली, कोणी तरी पैसे दिले, आणि त्या सगळ्या साखळीत एकालाही ती खटकली नाही.

आता आपल्या मराठीकडे या. १९९१ चा 'माहेरची साडी' तुफान चालला. बायका डोळ्याला पदर लावून बघायच्या. सासरचा छळ मुकाट्याने सोसणारी सून ही चांगली सून, हे त्या काळच्या कितीतरी सिनेमांनी शिकवलं आणि आजच्या मालिका तेच शिकवताहेत. सुनेच्या थोबाडीत बसते, ढगांचा गडगडाट होतो, तोच प्रसंग तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. पुढच्या भागात सून देवासमोर रडते आणि सकाळी चहाचा ट्रे घेऊन हजर! पोलीस, वकील, माहेरी परत जाणं यातलं काही नाही.

तुम्ही विचाराल, याने खरंच फरक पडतो का? कॅनडातल्या संशोधकांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना थिएटरला चालणारे साधे सिनेमे दाखवले. काहींना असे, ज्यांत बाईवर केलेल्या जबरदस्तीचा शेवट गोड होतो, आणि काहींना दुसरे. काही दिवसांनी, त्या सिनेमांचा विषयही न काढता, त्यांची मतं विचारली. पहिल्या प्रकारचे सिनेमे बघितलेल्या मुलांमध्ये बाईवरची हिंसा चालवून घेण्याची वृत्ती वाढलेली दिसली.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या एका कोर्टात भारतातून गेलेल्या एका माणसाचा खटला चालला. दोन बायकांचा त्याने कित्येक महिने पिच्छा पुरवला होता. त्याच्या बाजूने मांडलं गेलं की हिंदी सिनेमे बघून त्याला वाटलं, मागे लागलं की बाई शेवटी 'हो' म्हणते. त्याला तुरुंगात जावं लागलं नाही. मला ही सबब मुळीच मान्य नाही, मोठ्या माणसाला 'नाही' कळलंच पाहिजे. पण ती सबब कोर्टात उभी राहू शकली, यावरून आपण जगाला काय दाखवत आलो ते कळतं. आपल्याकडे असा पिच्छा पुरवणं हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. सिनेमात मात्र अजून त्यालाच प्रेम म्हणतात.

आता याच्या उलट बाजूचा पुरावा. जेन्सन आणि ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारच्या गोव्यातल्या घरांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये छापून आला. खेड्यात केबल टीव्ही आल्यावर 'नवऱ्याने मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या. पडद्यावर नोकरी करणाऱ्या, स्वतःचं मत असणाऱ्या बायका त्यांना दिसू लागल्या, हे त्याचं एक कारण सांगतात.

काही जणी म्हणतील, बघा, म्हणजे टीव्ही चांगलाच की! मी म्हणते, याने माझंच म्हणणं पक्कं होतं. चांगली प्रतिमा मन बदलू शकते, तर वाईट प्रतिमा काहीच करत नाही असं कसं म्हणता येईल?

सिनेमा बघणारा प्रत्येक जण घरी जाऊन हात उचलत नाही, हे मलाही कळतं. विरजण लागायला दूध कोमट असावं लागतं. आपल्याकडे दूध किती कोमट आहे ते आकड्यांत बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सात कारणं देऊन विचारलं होतं, यातल्या एखाद्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? ४४ टक्के पुरुष 'हो' म्हणाले, आणि बायका ४५ टक्के! सर्वांत जास्त मान्य असलेलं कारण कोणतं? सासू-सासऱ्यांचा मान न राखणं. हे कारण मालिकांनीच निर्माण केलं असं मी म्हणत नाही. पण रोज रात्री त्याला विरजण कोण लावतं, ते तुम्हीच सांगा.

इथे आपल्यातल्याच काही जणींचा लाडका मुद्दा येतो. "मुलींचे कपडे बघा आजकाल." त्याच पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दहांपैकी जवळपास तीन बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्या स्वतःच्या घरात होत्या. साडीत होत्या, गाऊनमध्ये होत्या, कित्येकींच्या डोक्यावर पदर होता. कुठे गेलं कपड्यांचं कारण?

आणि राजुलमतीची कथा विसरलात का? उत्तराध्ययनाच्या बाविसाव्या अध्ययनात आहे. दीक्षा घेतलेली राजुल गिरनारच्या वाटेवर पावसात भिजते, गुहेत शिरून वस्त्रं वाळवते. तिथे रथनेमी तिला बघतो आणि त्याचं मन ढळतं. ती त्याला खडसावते, तो भानावर येतो आणि संयमात स्थिर होतो. या कथेत दोष ओल्या वस्त्रांना दिलेला नाही. मन ढळलं ते रथनेमीचं, आणि सावरायचं तेही त्यानेच. राजुलच्या 'नाही'चा अर्थ 'नाही' असाच घेतला गेला. आजच्या सिनेमात हाच प्रसंग असता तर पुढच्या मिनिटाला पावसातलं गाणं लागलं असतं.

श्रावकाच्या व्रतांमध्ये अनर्थदंड-विरती आहे, हे तुम्ही स्वाध्यायात ऐकलं असेल. कारणाशिवाय केलेल्या पापाचे जे प्रकार रत्नकरंड श्रावकाचारात दिले आहेत, त्यात एक 'दुःश्रुती' आहे. मन कलुषित करणाऱ्या, हिंसेला चिथावणाऱ्या कथा ऐकणं. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांना कळलं होतं की गोष्ट ही नुसती गोष्ट नसते. शिवाय करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हीने कर्मबंध होतो. थोबाडीत मारल्याच्या प्रसंगावर हसणं, बायकोला बडवण्याचा विनोद व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणं, याला अनुमोदन नाही तर काय म्हणायचं?

म्हणूनच एक वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. मार खाणाऱ्या मुलीला सांगतात, "तुझं पूर्वकर्म, सोस बाई." मारणारा त्या क्षणी नवं कर्म बांधतो आहे, हे त्याला कोण सांगणार? मालिकेतली सोशिक सून आणि आपलं हे वाक्य मिळून त्या मुलीचं तोंड बंद करतात. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी मदत मागितली, असंही तीच पाहणी सांगते.

टीव्ही फोडून टाका असं मी म्हणत नाही. बंदीचीही मागणी नाही. पाणी आपण टाकून देत नाही, गाळतो. तसंच करू या.

मुलगा शेजारी बसलेला असताना पडद्यावर असा प्रसंग आला, तर चॅनेल बदलून गप्प बसू नका. "हे चूक आहे, आपल्या घरात हे चालणार नाही," असं मोठ्याने म्हणा. मुलीसमोरही म्हणा आणि नवऱ्यासमोरही. कुटुंबाच्या ग्रुपवर बायकोला मारण्याचा विनोद आला तर 'हे मला आवडलं नाही' एवढं लिहाच. जाहिरात खटकली तर जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ॲस्कीकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. पाठशाळेत आठवी-नववीच्या मुलांना राजुल-रथनेमीची कथा शिकवा, आणि मुलांनाही शिकवा, फक्त मुलींना नको.

आणि तुमच्या ओळखीतली एखादी पोर मार खात असेल तर तिला सहनशीलतेचे धडे देऊ नका. घरगुती हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. नंबर लिहून द्या. फोन करताना तिच्याजवळ बसा.