सिंधूचा जबाब

संगीत ‘एकच प्याला’ पुन्हा रंगभूमीवर आणावे की नाही, हा वाद मराठीत अधूनमधून उभा राहतो आणि दर वेळी त्याची ठरीव उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, नाटक आहे तसेच करा. गडकऱ्यांच्या शब्दाला आणि बालगंधर्वांनी अजरामर केलेल्या पदांना हात लावण्याचा अधिकार कोणाला? दुसरा पक्ष म्हणतो, मार खाऊन नवऱ्याचेच पाय धरणारी बाई आजच्या मुलींपुढे आदर्श म्हणून उभी करणे हा अपराध आहे. ते नाटक ग्रंथालयातच राहू द्या. या दोघांच्या भांडणातून एक तडजोड निघाली आणि ती बिनबोभाट रूढही झाली. नाटक सोडून द्यायचे आणि त्यातली पदे तेवढी मैफलीत गायची, ही ती तडजोड होय. पुरोगामी मंडळींनाही ती निरुपद्रवी वाटते. वस्तुतः या तिन्ही मार्गांत सर्वांत घातक मार्ग तोच आहे.

तो घातक कसा, हे समजण्यासाठी नाटक काय आहे ते आठवले पाहिजे. सुधाकर हा हुशार, मानी वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या अपमानाच्या दाहात त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढे घर बुडते. त्याची पत्नी सिंधू माहेरची मदत नाकारते, लोकांचे दळण दळून संसार ओढते, भाऊ न्यायला आला तरी पतीला सोडून जात नाही. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, नोकरीसाठी दारोदार फिरतो. पण एकदा नाव गेलेल्या माणसाला कोणी उभे करत नाही आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. अखेर नशेत त्याच्या हातून तान्हे मूल मरते, सिंधूवर जीवघेणा घाव बसतो. फौजदार येतो तेव्हा मरणाच्या दारातली सिंधू आपण आपल्याच चुकीने पडलो असे सांगून नवऱ्याला वाचवते. ती गेल्यावर सुधाकर विष घालून शेवटचा प्याला घेतो.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला तो २० फेब्रुवारी १९१९ रोजी. म्हणजे नाटककाराने आपले नाटक रंगभूमीवर पाहिलेच नाही. त्यातली पदे वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सुधाकर झाले गणपतराव बोडस, सिंधू झाले बालगंधर्व. आणि या पदांच्या चाली ज्यांच्याकडून आल्या त्या होत्या सुंदराबाई जाधव: ठुमरी, गझल, लावणीच्या मैफली गाजवणाऱ्या, पुढे १९३९ च्या ‘माणूस’ चित्रपटात आईची भूमिका करणाऱ्या गायिका.

या तपशिलातला विरोध विचार करण्यासारखा आहे. पतिव्रतेचा हा पुतळा पुरुषाने घडवला, त्याच्या तोंडची पदे पुरुषाने रचली आणि लुगडे नेसून तो पुरुषानेच रंगभूमीवर उभा केला. घरंदाज समाज ज्या स्त्रियांचे गाणे ऐकत असे पण ज्यांना घरात घेत नसे, त्या वर्गातल्या एका बाईने मात्र या पुतळ्याला सूर दिला. शंभर वर्षांनंतर लोकांच्या ओठांवर जे टिकले आहे ते प्रामुख्याने तिचे सूर आहेत. तरीही ‘एकच प्याला’ म्हटले की गडकऱ्यांची आणि गंधर्वांची नावे चटकन आठवतात, सुंदराबाईंचे नाव मात्र मुद्दाम आठवावे लागते. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी या विसराळूपणाचा हिशेब आधी द्यावा.

आता मैफलीचा प्रश्न. भावाबरोबर माहेरी जाण्यास सिंधू नकार देते त्या प्रसंगाचे पद मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? नाटकात ते पद ऐकताना प्रेक्षकाला माहीत असते की ही बाई कोणाजवळ राहण्याचा हट्ट धरून बसली आहे. तिचा नवरा पिऊन पडलेला असतो, घरात दाणा नसतो, आणि हे सारे कोठे जाणार हे दिसू लागलेले असते. त्या पार्श्वभूमीवर तो गोड सूर काळजात कट्यारीसारखा शिरतो. मैफलीत यातले काहीही नसते. तेथे उरते ती पतिनिष्ठेची गोडी, तंबोऱ्यांची आस आणि रसिकांची वाहवा. ज्या वाक्याचा परिणाम नाटकात मृत्यू आहे, ते वाक्य तेथे निखळ सुभाषित बनते. म्हणजे नाटक प्रतिगामी आहे म्हणून नाटक टाकले आणि त्यातला प्रतिगामी भाग तेवढा निवडून, पॉलिश करून, जतन केला!

हीच गत विनोदाची. तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ सुटे काढून नाट्यप्रवेश म्हणून केले जाते. दारूबाजांच्या तर्कटावर प्रेक्षागृह हसते आणि हसण्यासारखेच ते लिहिलेले आहे. पण गडकऱ्यांनी ते हसू तळीरामाच्या आणि सुधाकराच्या मरणाला बांधून ठेवले होते. आज एका सभागृहात दारू गमतीची होते, दुसऱ्या सभागृहात पातिव्रत्य गोड होते, आणि या दोहोंना जोडणारा जो काठीचा घाव, तो कोणत्याच सभागृहात पडत नाही. नाटकाचे असे तुकडे करून त्यातला गुन्हा तेवढा नाहीसा करण्यात आला आहे.

म्हणून ‘एकच प्याला’ अखंड नाटक म्हणून पुन्हा व्हावे. जे दोष आहेत ते झाकून नव्हे. दोष आहेत आणि ते मोठे आहेत. रामलालची व्याख्याने प्रदीर्घ आहेत. बालविधवा शरद, भगीरथ आणि रामलाल यांचे उपकथानक मूळ कथेला पेलवत नाही. संवाद अलंकारांनी इतके लगडलेले आहेत की कित्येकदा पात्राच्या दुःखापेक्षा लेखकाची प्रतिभाच पुढे येते. पण हे रचनेचे दोष झाले. कात्री जाणणारा दिग्दर्शक ते हलके करू शकतो. खरा दोष वेगळा आहे. हे नाटक दारूच्या विरुद्ध आहे, पण दारुड्याच्या पायाशी बसण्याच्या विरुद्ध नाही. देवलांच्या ‘शारदे’शी (१८९९) ताडून पाहिले म्हणजे फरक कळतो. ‘शारदा’ पाहून घरी जाणाऱ्याला म्हाताऱ्याने कोवळी मुलगी करावी असे वाटत नाही, कारण त्या दुष्ट रूढीवरच देवलांनी बोट ठेवले आहे. गडकऱ्यांनी बोट ठेवले बाटलीवर. सिंधूची निमूट सोसण्याची वृत्ती त्यांनी प्रश्न म्हणून मांडली नाही, तिला मुकुट चढवला.

यावर नाटकाचे कैवारी म्हणतील की सिंधू इतकी निरागस, इतकी एकनिष्ठ असल्याशिवाय दारूचा नाश इतका भयंकर दिसणारच नाही. नाट्यशास्त्र म्हणून हे खरे आहे. परंतु फौजदारापुढचा तिचा जबाब हे केवळ निरागसतेचे चित्र नाही. तेथे कायदा प्रत्यक्ष दारात येऊन उभा आहे, विचारतो आहे, आणि मरणारी स्त्री जाणूनबुजून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवते आहे. मृत्युपूर्व जबाबाला भारतीय कायद्यात १८७२ पासून पुराव्याचे विशेष वजन आहे. मरताना माणूस खोटे बोलत नाही, असे त्यामागचे गृहीत आहे. गडकऱ्यांच्या सिंधूने त्या गृहीताला १९१९ मध्येच छेद दिला. मरताना बायका खोटे बोलतात आणि ते खोटे बोलायला त्यांना जन्मभर शिकवलेले असते. जळित कक्षात स्टोव्हचा भडका उडाला असे पुटपुटणाऱ्या स्त्रीचा जबाब ज्या कार्यकर्तीने ऐकला असेल, तिला हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९८३ मध्ये दंडविधानात ४९८-अ कलम आले. २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने काय दाखवले? शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची तरी मदत मागणाऱ्या सुमारे १४ टक्के. ज्यांचे नवरे वारंवार नशेत असतात अशा विवाहितांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी नवऱ्याची हिंसा सोसली होती. ज्यांचे नवरे पीत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. हे दोन आकडे म्हणजे ‘एकच प्याला’चेच कथानक आहे. सुधाकर पहिल्या आकड्याइतकाच जिवंत आहे आणि सिंधूचा जबाब आजही दररोज लिहून घेतला जातो. अशा वेळी हे नाटक कालबाह्य म्हणून कपाटात ठेवणे ही पुरोगामी मंडळींची चैन आहे.

काही उत्साही दिग्दर्शकांना वाटते की शेवट बदलावा. सिंधूने फौजदाराला खरे सांगावे, सुधाकराला बेड्या पडाव्यात, टाळ्या व्हाव्यात. हा मोह टाळला पाहिजे. खोटा शेवट प्रेक्षकाची खुशामत करतो. प्रश्न सुटला असे त्याला वाटते आणि तो समाधानाने घरी जातो. सिंधूने खोटेच बोलले पाहिजे. मात्र ते खोटे आहे, ते भयंकर आहे, आणि ते तिच्याकडून वदवून घेणारे लोक प्रेक्षागृहातच बसलेले आहेत, हे प्रयोगाने दाखवले पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप स्त्रियांच्या चळवळीतून येतो आणि त्याला बगल देता येणार नाही. आक्षेप असा की दिग्दर्शकाने काहीही केले तरी अखेरीस संगीतच जिंकते. सूर इतके गोड आहेत की विचार वाहून जातो. प्रेक्षक रडतो, आणि रडून मोकळा होतो. हे खरे आहे. म्हणूनच संगीताला शिस्त लागली पाहिजे. ‘वन्स मोअर’ची प्रथा या नाटकात तरी बंद करावी; माहेरी न जाण्याचा निश्चय तीनतीनदा आळवला म्हणजे तो निश्चय राहत नाही, मिठाई होते. पदे थोडी ठेवावी, तानांना आवर घालावा, आणि फौजदाराच्या प्रवेशाला एकही सूर देऊ नये. ऑर्गन थांबला की त्या प्रवेशात काय घडते आहे ते ऐकू येईल. याउलट दळणाचा प्रसंग कापू नये. पतिव्रता म्हणून सिंधूची आरती करणारे आणि पतिव्रता म्हणून तिला झिडकारणारे, दोघेही एक गोष्ट विसरतात: या घरात कमावणारी एकटी तीच आहे. मोलाने दळण दळणारी ती श्रमिक स्त्री आहे आणि तिच्या कष्टांवर नवऱ्याची बाटली चालते. तळीरामाची बायको गीता, जी नवऱ्याच्या दारूबद्दल फटकळपणे बोलते, तिलाही निव्वळ हशासाठी वापरू नये. नाटकात जे शहाणपण सिंधूला सुचत नाही त्यातले काही गीतेच्या तोंडी आहे. सुधाकराची नोकरीसाठी वणवणही राखावी. दारू सोडलेल्या माणसाला समाज दार लावतो, हे गडकऱ्यांनी त्या काळी पाहिले होते.

पुतळा उखडून हे काम होत नाही. जानेवारी २०१७ मध्ये ‘राजसंन्यास’वरून पुण्यातील संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून टाकण्यात आला. त्याने त्या नाटकाचा एकही दोष सिद्ध झाला नाही आणि एकही वाचक शहाणा झाला नाही. लेखकाशी भांडायचे तर त्याचे नाटक उभे करून, त्याच्याच पात्रांच्या तोंडून भांडावे.

हा प्रयोग कोठे व्हावा, हाही प्रश्न आहेच. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत तो होईलच. पण त्याची खरी जागा जिथे बायका आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करतात त्या गावांत आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या लढ्यातून. चंद्रपुरात स्त्रियांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदी असावी की नसावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. चोरटी दारू, हप्ते, महसूल हे सारे मुद्दे त्यात येतात. पण मतभेद असलेल्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट नाकारता येणार नाही, की दुकान बंद झाले तरी सिंधूचे तोंड आपोआप उघडत नाही. बाटली आडवी करणाऱ्या चळवळीने त्या बंद तोंडाचा प्रश्नही हाती घेतला पाहिजे.

गडकऱ्यांच्या संहितेवरचा हक्क केव्हाच संपला आहे; ते नाटक आता सर्वांचे आहे. खर्च लागेल, गाणारी मुले-मुली शोधावी लागतील, ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांना त्यांच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागेल. परंपरेच्या नावाने त्यांना फुकट राबवता येणार नाही. जाहिरातीवर गडकऱ्यांबरोबर सुंदराबाईंचे नाव छापावे. आणि पडदा पडल्यावर लगेच दिवे लावून आभारप्रदर्शन करण्याऐवजी गावातल्या बायकांना बोलायला वेळ द्यावा. फौजदाराने सिंधूला जे विचारले तेच त्यांना विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.